सामाईक कप्पा

घरात कॉम्प्युटर एक आणि वापरणारे दोन. म्हणून मिस्त्रीने एकाच डिस्कवर दोन ऑपरेटिंग सिस्टीम घातल्या होत्या, एक ताईची आणि एक स्वतःची. फायली ठेवायचा एक कप्पा मात्र दोघांत सामाईक. मिस्त्री म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. गल्लीतले बिघडलेले कॉम्प्युटर उघडून बसायचा, म्हणून अण्णांनी, त्यांच्या वडिलांनी, ठेवलेलं नाव.

त्या कप्प्यात अण्णांचा आवाज होता. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढणार हे कळल्यावर ताईने त्यांना महिनाभर माईकसमोर बसवून सातशे वाक्यं वाचून घेतली. त्यांवरून पुढे एक यंत्र अण्णांच्याच आवाजात बोलणार होतं. "सातशे? अगं, तुझ्या आईशी उभ्या जन्मात एवढं बोललो नाही," अण्णा म्हणाले होते. मंगळवारी ऑपरेशन झालं.

गुरुवारी सकाळी हॉस्पिटलला जाण्याच्या घाईत ताईने कॉम्प्युटर बंद न करता नुसता झोपवला. झोपताना तिची सिस्टीम सगळं होतं तसं लक्षात ठेवते. मागून मिस्त्रीने आपली सिस्टीम चालू केली. त्या सिस्टीमने बजावलं, कप्पा दुसऱ्या सिस्टीमच्या ताब्यात आहे, फक्त वाचता येईल. अशा वेळी काही लिहू नका म्हणून गिऱ्हाइकांना जीव तोडून सांगणारा हाच तो शहाणा! पण त्याला वाक्यांमधला अण्णांचा खोकला कापायचा होता, ताईला चकित करायचं होतं. त्याने जबरदस्तीने कप्पा उघडला आणि दुपारपर्यंत सातशेच्या सातशे फायली साफ करून नव्या फोल्डरमध्ये टाकल्या, जुन्या काढून टाकल्या. खुशीत होता लेकाचा.

संध्याकाळी ताईने तिची सिस्टीम जागी केली. त्या सिस्टीमला बिचारीला मधलं काय ठाऊक? कुठली फाईल कुठे आहे याची सकाळी लक्षात ठेवलेलीच यादी खरी धरून तिने ती कप्प्यावर लिहून टाकली. नवा फोल्डर नाहीसा झाला; जुन्या फायलींची नावं तेवढी उरली, आत नुसती खरखर.

पेन ड्राईव्हवर कॉपी? ती आज करू, उद्या करू म्हणत राहूनच गेली होती. मिस्त्रीने तीन दिवस हरतऱ्हेची सॉफ्टवेअरं चालवून पाहिली. हाती भोपळा.

"अरे, जरा रड तरी," ताई म्हणाली.

"येत नाहीये," तो म्हणाला. जेवत होता, गिऱ्हाइकांचे फोन घेत होता, पण आत सगळं बधिर झालं होतं.

रविवारी दोघं हॉस्पिटलमध्ये गेले. अण्णा गळ्याला पट्टी बांधून उशीला टेकून बसले होते, मांडीवर लिहायची पाटी.

"अण्णा, तुमचा आवाज गेला. सगळी वाक्यं. माझ्यामुळे," मिस्त्रीने एका दमात सांगून टाकलं.

अण्णांनी मान डोलावली आणि पाटीवर लिहिलं, 'एवढंच ना? घरी आलो की बसू. परत वाचतो.'

पाटी त्यांनी पोरांकडे फिरवली. दोघांचे चेहरे पाहून अण्णांनी ती स्वतःकडे वळवून वाचली, आणि त्यांचा हात हळूच गळ्यावरच्या पट्टीकडे गेला. ती पाटी घ्यावी आणि पटकन पुसून टाकावी असं मिस्त्रीला वाटत होतं, पण त्याचा हातच उचलेना.