त्रिंबकची वीज

"मेंढरं उठवतो," त्रिंबक म्हणाला. "वीज हाय."

आप्पासाहेबांनी वर पाहिलं. फुलंब्रीच्या आभाळात चिंधीएवढाही ढग नव्हता. खतासाठी त्यांनी आपल्या रानात तीन रात्री मेंढरं बसवायला सांगितली होती, आणि हा गडी दुसऱ्याच दुपारी गाशा गुंडाळायला निघाला होता.

"त्रिंबकअण्णा, भर उन्हात कुठली वीज?"

"डाव्या अंगाला, खाली. आत्ता चमकली. तुमाला नाय दिसायची."

यात फुशारकी नव्हती. आभाळ ओळखावं ते त्रिंबकनं, असं आसपासची चार गावं मानत होती. मागच्या वैशाखात वीज पडून त्याच्या भावबंदाची अकरा मेंढरं जागच्या जागी गेली. त्रिंबकची वाचली, कारण त्यानं जरा आधी कळप झाडाखालून हलवला होता. तेव्हापासून त्याच्या शब्दापुढं कुणी बोलत नसे. आप्पासाहेबांनीही नुसतं तोंड वाकडं केलं.

पण चार दिवस हेच चाललं. वीज चमकायची, कळप घरी यायचा आणि आभाळ आपलं स्वच्छ. त्याची बायको म्हाळसाबाई मेंढरं हाकून हाकून जेरीस आली, पण नवऱ्याला खोटं पाडायचं तिच्या मनातही आलं नाही.

डाव्या डोळ्याचं दुखणं तसं जुनं होतं. दिवाळीनंतर एका सकाळी त्या डोळ्यापुढं धुकं आलं. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डोळ्याच्या आतल्या पडद्याची रक्तवाहिनी तुंबली आहे. त्यांनी इंजेक्शनं दिली आणि बजावलंही, अशा डोळ्यात पुढं पडदा ओढला जाऊन सुटू शकतो, तेव्हा डोळ्यात उजेड लखलखला की त्याच दिवशी या. त्रिंबक डोळ्यावर नीट लक्ष ठेवून होता. डोळ्यात काही नव्हतं. जे होतं ते आभाळात होतं.

पाचव्या दिवशी तो घरात भाकरी खात बसला होता. दार लोटलेलं होतं, आणि चुलीमागच्या भिंतीवर वीज चमकली. त्याच्या हातातला घास तसाच राहिला.

"म्हाळसे, घरात वीज कशी येईल गं?"

म्हाळसाबाईनं उठून त्याच्या दोन्ही डोळ्यांवर तळहात ठेवले. "आता?"

"आता बी चमकतीय."

तिनं हात काढले. तो डावीकडं चाचपडल्यासारखा बघत राहिला. "अन् ह्या बाजूनं घोंगडं टाकल्यावानी काळं दिसतंय."

मिळेल त्या गाडीनं दोघं संभाजीनगरला गेली. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ डोळ्यात उजेड टाकून पाहिलं.

"पडदा सुटलाय, बाबा. मधल्या भागापर्यंत. लखलख कधीपासून दिसते?"

"चार-पाच दिस झाले. पण बाई, त्यातली एखादी तरी खरी वीज असंल ना?"

"नाही बाबा. ती डोळ्यातलीच होती. उद्या ऑपरेशन करू. पडदा बसवता येईल, पण नजर किती येईल ते आज सांगता येत नाही. पहिल्याच दिवशी यायला हवं होतं."

त्रिंबकला काही उलगडेना. मागच्या वैशाखातली वीज खरी होती, मेंढरं मेलेली त्यानं पाहिली होती. ही पण तशीच दिसली होती, तेवढीच लख्ख. मग यापुढं वीज दिसली तर कळप हलवायचा की नाही? डोळा जाण्यापेक्षा याचीच त्याला जास्त भीती वाटली. चाळीस वर्षं सगळे त्याला विचारत आले होते. त्यानं कुणाला विचारायचं?

डॉक्टरीणबाईंनी त्याचा उजवा डोळा झाकला आणि डाव्यासमोर हात धरला. "किती बोटं?"

समोर काळं होतं. तो काळ्याकडं बघत राहिला. मग हलकेच मान वळवून म्हणाला, "म्हाळसे, तू सांग."

म्हाळसाबाईनं पुढं वाकून बोटं मोजली. "तीन हायेत."

त्रिंबक ताठ बसला.

"तीन," त्यानं डॉक्टरीणबाईंना सांगितलं.