उतार

सुरगाण्याचा चंदर गवंडी होता. भात झोडून झालं की गावातली दहा-बारा माणसं घेऊन तो दरवर्षी नाशकात बांधकामावर यायचा. बायको भागीबाईही सोबत असायची. साइटवर पत्र्याच्या खोल्या आणि दिवसभर एकमेकांना मारलेल्या हाका, असं वीस वर्षं चाललं.

यंदाचं मुलींच्या वसतिगृहाचं काम वेगळं होतं. भिंती आणि न्हाणीघरं सिन्नरच्या कारखान्यात तयार होऊन येणार होती. म्हणून नकाशा पक्का व्हायच्या आधीच, उन्हाळ्यात, आर्किटेक्ट वल्लरीताईंनी ठेकेदार, प्लंबर, कारखान्याचे यशोधन साहेब आणि चंदर, सगळ्यांना एका टेबलाशी बसवलं.

"चंदरभाऊ, न्हाणीघरात वेळ कुठे जातो?" त्यांनी विचारलं.

हे त्याला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. आधी तो बिचकला, मग बोलतच सुटला. "पाइपासाठी भित फोडाया लागते, ताई. फरशी बसली का उतार चुकतो, परत उकरा. पाइप एकाच भितीत घ्या, उतार तळाबरबरच वता. मंग उकरायचं कामच नाय."

यशोधन साहेबांनी तिथल्या तिथे नकाशा बदलला. चंदरनं भागीबाईला ते दोनदा सांगितलं.

मार्गशीर्षात चाळीस न्हाणीघरं ट्रकवरून आली. क्रेननं ती एकावर एक बसवली. नळ सोडला तसं पाणी सरळ जाळीकडे गेलं. चार महिन्यांचं काम अकरा दिवसांत उरकलं. सांधे भरायला तीन माणसं पुरली.

"कारखान्यात न्हाणीघरांचे साचे तपासायला तुमच्यासारखा माणूस हवाय," यशोधन साहेब म्हणाले. "कायमचं काम आहे."

"आन माझी माणसं?"

"जागा एकच आहे हो."

चंदरनं ती धरली. त्याच्या टोळीतले मंगळू, चांगुणा, सगळे पिंपळगावकडे द्राक्षाच्या बागांवर गेले. कारखान्याच्या खोलीत बायकांना राहायला परवानगी नव्हती, म्हणून भागीबाईही त्यांच्याबरोबर गेली. कुणी चंदरला दोष दिला नाही. दिला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

आता तो साच्यात पाणी ओतून उतार बघतो. एकदा पाणी झकास वाहिलं तेव्हा तो सवयीनं ओरडला, "मंगळू, बघ रं!" शेजारच्या मशीनवरच्या माणसाच्या कानात बोळे होते. त्यानं मान वर केली नाही.

दुपारी चंदरनं भागीबाईला फोन लावला. मागे हसण्याखिदळण्याचा आवाज होता.

"बरं हाय ना?" तिनं विचारलं.

"बरं हाय. तुमचं?"

"लय मज्जा. ही चांगुणा बघा ना... थांबा, बोलावत्यात. मंग करते."

फोन बंद झाला. चंदर पुढच्या साच्याकडे गेला. त्या दिवशी अजून सहा तपासायचे होते.