काळजीवाहू ब्राउझर

कॉम्प्युटरवर ‘निवडा’च्या जागी ‘घ्या’ असा शब्द आला असता, तर पुढचं काही म्हणजे काही घडलं नसतं. पण ‘निवडा’च आला, आणि नेमका माझ्या सासऱ्यांनी वाचला.

‘या ब्राउझरची मुदत संपली आहे. कृपया नवा मुख्य ब्राउझर निवडा.’

सासरे जन्मभर निवडणूक कार्यालयात होते. रिटायर झाल्यापासून ते खिडकीशी बसायचे आणि समोरच्या गल्लीत कुणाची गाडी वाकडी लागली आहे ते बघायचे. त्यांनी ती ओळ मोठ्याने वाचली, चष्मा पुसून परत वाचली आणि उठून दाढी करायला गेले. बाहेर आले ते इस्त्रीचा शर्ट घालून.

“मुदत संपलीये. निवडणूक घ्यावी लागेल.”

“अहो बाबा, ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरचं काही बघायचं साधन हो नुसतं,” मी म्हटलं. “कुठलाही टाकला तरी चालतो.”

“‘कुठलाही’ नावाचा उमेदवार मला दिसत नाही.”

सासूबाई कोपऱ्यात पालेभाजी निवडत बसल्या होत्या. “मी रोज निवडते,” त्या म्हणाल्या. “मला कधी कुणी साहेब म्हटलं नाही.”

मला हसू आलं. तेव्हा आलं. कारण सोमवारी अकराला माझी मुलाखत आहे, हे डोक्यात नीट शिरलेलं नव्हतं.

मी कवळ्या बनवते. एका लॅबच्या तळघरात, ट्यूबलाइटखाली, ज्यांचं तोंड मला कधीच दिसणार नाही अशा माणसांचे दात लावत बसते. दिवस दिवस कुणाशी बोलणं नाही. तंत्रशाळेत हेच काम शिकवायची जागा निघाली होती. मोठ्या खिडक्यांचा वर्ग, समोर माणसं, बोलणारी! मला ती नोकरी हवी होती, जीव टाकून हवी होती. मुलाखत कॉम्प्युटरवर होणार होती. फोन चालणार नाही, कॅमेऱ्यासमोर हात दाखवावे लागतील, असं त्यांनी स्वच्छ कळवलं होतं. आणि आमचा मेला ब्राउझर त्यांची लिंक उघडायलाच तयार नव्हता.

“करू दे ना त्यांना,” नवरा माझ्या कानाशी लागला. “किती दिवसांनी दाढी केलीये बघ.”

इथेच मी फसले.

संध्याकाळपर्यंत आचारसंहिता लागू झाली. जुना ब्राउझर आता काळजीवाहू, त्याने नवीन काही उघडायचं नाही, असा हुकूम निघाला. कीबोर्डवर चिकटपट्टी, पट्टीवर सासऱ्यांची सही. नवऱ्याची मॅच बुडाली, तेव्हा कुठे त्याला लोकशाही टोचायला लागली.

उमेदवार तीन होते. पतंग, छत्री आणि गोगलगाय. नावं वेगळीच होती त्यांची, पण सासरे चिन्हांवरूनच बोलत. “आधीच चिन्हं घेऊन आलेत,” ते कौतुकाने म्हणाले. “शिकलेले उमेदवार आहेत.” मग अर्जांची छाननी. म्हणजे काय, तर प्रत्येक ब्राउझरच्या अटी आणि शर्ती त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढल्या. जगात हे कुणी करत नाही हो! लोक डोळे मिटून ‘मान्य आहे’ दाबतात. आमच्या घरात मात्र गोगलगायीच्या अटींमध्ये दोन कलमं एकमेकांना छेद देतात असं निघालं, आणि तिचा अर्ज बाद झाला. तिला म्हणे लेखी कळवलंसुद्धा.

उरले दोन. नवरा पतंगाच्या बाजूने, कारण पतंगात मॅच अडकत नाही असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मला दोन्ही सारखेच. पण त्याला पतंग हवा म्हटल्यावर मी छत्री धरली. एवढ्या मनस्तापाच्या बदल्यात तेवढं तरी पदरात पडायला नको? सासरे अधिकारी, त्यांना मत नाही. राहिल्या सासूबाई.

दोन दिवस घरात जे चाललं ते सांगायला लाज वाटते. नवऱ्याने आईला चहा करून दिला. आयुष्यात पहिल्यांदा. मी लगेच पाय चेपायला बसले. सासऱ्यांनी दोघांना नोटीस दिली. सासूबाई चहा पीत होत्या, पाय पुढे करत होत्या, आणि कळू काही देत नव्हत्या.

“आई, कुणाला देणार?” मी शेवटी विचारलंच.

“बघू,” त्या म्हणाल्या.

सोमवार उजाडला. “मतदान दहाला, तुझी मुलाखत अकराला,” सासरे म्हणाले. “मतदार तीन. निकाल लागला की लगेच नव्या ब्राउझरचा कारभार सुरू. काळजी कशाला करतेस?” त्यांनी कॉम्प्युटरच्या टेबलापुढे चादर बांधून आडोसा केला होता. बाहेर खुर्ची, खुर्चीवर ते स्वतः, मांडीवर शाईचा पॅड आणि शेजारी झाकणाला फट पाडलेला बिस्किटांचा डबा. सील मोडलं होतं, कॉम्प्युटर चालू होता, दोन्ही उमेदवार त्यात आधीच भरून ठेवले होते, मुलाखतीचा मेल मी उघडून ठेवला होता. दाबलं की झालं, इतकी तयारी.

नवरा आत गेला, आला. मी गेले, छत्रीवर फुली मारली, चिठ्ठी डब्यात टाकली. बोट निळं करून घेतलं. मग सासूबाई गेल्या.

गेल्या त्या गेल्याच.

“आई, झालं का?”

“नाही.”

“दोनच तर चित्रं आहेत!”

“बघतेय ना.”

घड्याळ पुढे सरकत होतं. मी येरझाऱ्या घालत होते. नवऱ्याने एकदा चादरीला हात लावला तर सासरे कडाडले, “मतदान कक्षात एका वेळी एकच माणूस!”

“अहो, माझी नोकरी जाईल!”

“मतदाराला घाई करता येत नाही,” ते म्हणाले. त्यांचाही चेहरा पडला होता, पण नियम तो नियम.

तेव्हा आतून सासूबाईंचा आवाज आला. शांत.

“भिंतींना रंग कुठला द्यायचा, पोराला शाळा कुठली, फ्रिज कुठला, घर कुठलं. सगळं ठरलं की मला सांगायला यायचे. आज कुणीतरी आधी विचारलंय. मी सावकाश सांगणार.”

सासरे शाईच्या पॅडकडे बघत बसले. मला त्यांचं वाईट वाटायला हवं होतं, पण खोटं कशाला बोलू? अकरा वाजून गेले होते आणि मला फक्त ते तळघर दिसत होतं. मी जमिनीवर बसकण मारली आणि भोकाड पसरलं.

आणि आतून एका पुरुषाचा आवाज आला.

“नमस्कार. आमचा आवाज येतोय का?”

सासरे ताडकन उभे राहिले. “कक्षात अनधिकृत व्यक्ती!” म्हणत त्यांनी स्वतःच चादर ओढून काढली.

सासूबाई कॉम्प्युटरसमोर ताठ बसल्या होत्या. स्क्रीनवर दोन पुरुष, एक बाई. तिघंही गोंधळलेली.

“तुम्हीच उमेदवार ना?” त्या बाईने विचारलं.

“छे छे, मी मतदार,” सासूबाई म्हणाल्या. “उमेदवार बाहेर रडतेय.”

“पण हे उघडलं कसं तुम्ही?” नवऱ्याने विचारलं.

“निळ्या ओळीवर टिचकी मारली, ही मारते तशी. मग त्याने विचारलं, कशात उघडू. मी सांगितलं.”

“कशात?” सासरे पुढे झुकले.

“मत गुप्त असतं,” सासूबाई म्हणाल्या. स्क्रीनचा चिन्हाचा कोपरा त्यांनी तळहाताने झाकून धरला होता.

मग त्या स्क्रीनकडे वळल्या. “तिला उशीर माझ्यामुळे झाला. तिचा राग धरू नका. ती कवळ्या करते. थांबा, दाखवते.”

आणि त्यांनी तोंडात हात घालून स्वतःची कवळी काढली.

ती कवळी माझ्याच हातची. पण बसवल्यापासून या बाईने सख्ख्या नवऱ्याला बोळकं दाखवलेलं नव्हतं. काढायच्या ते दिवा मालवल्यावर, घालायच्या ते आम्ही उठायच्या आत. ती बाई आता तीन परक्या माणसांपुढे गाल बसलेल्या तोंडाने, दात कॅमेऱ्याला लावून बसली होती. मला एकदम माझीच लाज वाटली. हिचे पाय मी मतासाठी चेपले होते.

परीक्षकांतला म्हातारा स्क्रीनजवळ आला. बराच वेळ बघत राहिला. “वरचा डावा सुळा तिरका लागलाय,” तो म्हणाला. “चुकलंय का हे?”

“नाही,” मी नाक पुसत पुढे झाले. “मुद्दाम लावलाय. त्यांचा स्वतःचा तसाच होता. सरळ लावला असता, तर त्या हसल्या की दुसरंच कुणी हसतंय असं वाटलं असतं.”

“तसाच होता,” माझ्या मागून सासरे म्हणाले. तो अधिकाऱ्याचा आवाज नव्हताच. “पहिल्यांदा बघितलं तेव्हापासून. फार आवडायचा मला तो.”

सासूबाई गर्रकन वळल्या. तोंडावर हात घ्यायचंही विसरल्या.

“हे कधी शांगितलं नाहीत ते?”

सासऱ्यांनी मान खाली घातली. “मला कुणी विचारलं नाही,” ते म्हणाले.

सासूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग खुर्चीतून उठल्या, मला दंडाला धरून तिथे बसवलं आणि कवळी माझ्या हातात ठेवली. “अशू दे तुझ्याकडे, दाखवायला लागेल,” म्हणाल्या, आणि तशाच, बोळक्या तोंडाने, सासऱ्यांच्या मागोमाग बाहेर गेल्या. नवऱ्याने चादर परत लावली.

“पहिला प्रश्न,” तो म्हातारा परीक्षक म्हणाला. “शिकवायला कधीपासून येता?”

माझे कान मागे लागले होते. चादरीपलीकडे सासूबाई काहीतरी विचारत होत्या आणि सासरे हळू आवाजात, एकेक करून, सांगत होते.