काशीरामच्या बोटावरचे दोन ठिपके

मित्रांनो, मी एक म्हातारी कातीण आहे. कातीण म्हणजे कोळ्याचीच जात, पण हाताच्या पंजाएवढी आणि अंगभर केस असलेली. तुमचे विज्ञानाचे गुरुजी मला टॅरँटुला म्हणतात. रत्नागिरीच्या बाजारपेठेत काशीराम घड्याळवाल्याच्या दुकानात, त्याच्या टेबलाच्या डाव्या बाजूला एका काचेच्या पेटीत मी राहते. पेटी पूर्वी एका लंबकाच्या घड्याळाची होती. घड्याळ मोडीत गेलं, पेटी मला मिळाली.

आत्मवृत्त सांगणारे आपल्या पराक्रमापासून सुरुवात करतात. माझ्यापाशी सांगण्यासारखा पराक्रम नाही. एक गोष्ट मात्र आहे, आणि तिची मला लाज वाटते. ती सांगायची म्हणून तर मी तुम्हाला बोलावलं.

माझा जन्म पावसच्या एका आंब्याच्या बागेतला. बागेभोवती जांभ्या दगडाचा गडगा होता. चुना-माती न लावता दगडावर दगड रचून केलेलं कुंपण, त्याला आमच्याकडे गडगा म्हणतात. त्यातल्या एका फटीत मी वाढले. ब्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात तो गडगा नव्याने रचायला काढला. लवू नावाच्या गड्याने माझ्या डोक्यावरचा दगड उचलला आणि तो दोन हात मागे उडाला.

"आयशप्पत, केवढी ही! आणा पायताण, ठेचतो तिला!"

काशीराम त्या दिवशी बहिणीकडे पाहुणा म्हणून आला होता. तो खाली वाकला. खिशातलं भिंग डोळ्याला लावून त्याने मला न्याहाळलं आणि म्हणाला, "थांब लवू. रंग बघ हिचा. पिकलेलं जांभूळ जसं."

मला डोळे आठ आहेत, पण दिसतं फार कमी. मला जग कळतं ते थरथरीतून. माझा रंग मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला, तोही दुसऱ्याच्या तोंडून. तेव्हापासून तो मी कधी विसरले नाही, आणि पुढचं सगळं बिघडलं ते काहीसं त्यामुळेच.

काशीरामने मला जेवणाच्या डब्यात घातलं आणि एसटीत मांडीवर घेऊन बसला. शेजारच्या बाईने विचारलं, "काय वो डब्यात?"

"कुर्ल्या हायत," काशीरामने खेकड्यांचं नाव पुढे केलं.

"वायच दाखवा तरी."

"नको बाय. रागीट हायत."

घरी आल्यावर डबा उघडला तो काशीरामच्या बायकोने, कमळाने. दुकानामागच्या दोन खोल्यांत त्यांचं बिऱ्हाड होतं. ती अशी किंचाळली की भिंतीवरची घड्याळं हलली. मग दम घेऊन तिने निकाल दिला. "ठेवायची तर ठेवा. पण एकदा जरी कुनाला डसली ना, तर ह्याच पायताणानं ठेचीन. मंग मला बोलायचं नाय!"

"बरं," काशीराम म्हणाला. हा शब्द लक्षात ठेवा, मित्रांनो. त्याने तो साधाच उच्चारला, पण कमळा बोलली की तसं करते, हे त्याला माहीत होतं.

काशीराम मुंबईत बारा वर्षं एका घड्याळाच्या दुकानात राबून काम शिकून आला होता. त्याच्या हाताला गावात नाव होतं. केसाहून बारीक कमान तो चिमट्याने उचलायचा, आणि टेबलाला टेकून असलेल्या माझ्या पेटीला एवढीशी थरथर जाणवत नसे. लोक घड्याळ द्यायला येत आणि मला बघत उभे राहत. "काय रंग हाय, काशीराम!" असं म्हणत. मी मुद्दाम उजेडाच्या बाजूला येऊन बसायची. खोटं कशाला सांगू? मला गर्व चढला होता. कमळासुद्धा पुढे पुढे मोरीतली झुरळं पकडून मला आणून घालायची. वर बडबडायची, "घे, जल्लं मेलं, गीळ."

कोणी म्हणालंच की हिला जप हो, दृष्ट लागेल, तर काशीराम हसायचा. "घड्याळ बंद पडलं तर तुम्ही दृष्ट काढता काय? उघडून बघता ना? मंग?"

पंच्याऐंशी साली पौषात माझी भूक गेली. तीन आठवडे मी झुरळाला शिवले नाही. माझा जांभळा रंग उतरत गेला आणि अंग चहाच्या चोथ्यासारखं मातकट दिसायला लागलं. आमच्या जातीत हे नवीन नाही. जुनी कात टाकायची वेळ आली की असंच होतं. पण काशीरामपाशी असताना माझी ही पहिलीच वेळ. त्याला काय ठाऊक? तो दिवसातून दहा वेळा भिंग लावून मला बघायचा. गिऱ्हाईकांनी विचारलं तर सांगायचा, "हवा कोरडी हाय, दुसरं काय नाय."

एका दुपारी दुकान जेवणासाठी बंद होतं. फळ्या लावलेल्या होत्या. मी पाठीवर उताणी पडले, पाय वर केले. कात टाकताना आम्ही असंच पडतो. काशीराम हात धुऊन आला आणि त्याने मला तसं पाहिलं. इतक्या वर्षांत तो घाबरलेला मला पहिल्यांदाच जाणवला. त्याने घाईघाईने पेटीचं झाकण उघडलं.

"कमळे," तो हळूच म्हणाला, कोणी ऐकू नये म्हणून, "हिची दृष्ट काढ."

"मी? तुम्ही तर म्हनता सगळं थोतांड हाय!"

"काढ म्हनतो ना!"

कमळाने मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या मुठीत घेऊन माझ्या पेटीवरून तीनदा ओवाळल्या आणि शेगडीतल्या निखाऱ्यांवर टाकल्या. मिरच्यांचा ठसका लागला नाही तर दृष्ट होती, लागला तर नव्हती, असं त्यांचं शास्त्र. ठसका असा लागला की दोघं खोकून बेजार झाली. म्हणजे त्यांच्याच शास्त्राप्रमाणे मला दृष्ट लागलेली नव्हती. पण घाबरलेल्या माणसाला शास्त्र कुठलं? त्याने तिला पुन्हा काढायला लावली. फळ्या बंद, दुकान एवढंसं, आणि पेटीचं झाकण उघडं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

तो धूर माझ्या अंगात शिरला. कात अर्धी सुटली होती. धुराने आणि निखाऱ्यांच्या धगीने ती सुकली आणि पायांना घट्ट चिकटून बसली. मला पाय ओढता येईनात. ओल्या सदऱ्याची बाही हाताला चिकटून बसावी आणि त्यातच ती वाळून चामड्यासारखी व्हावी, तसं झालं.

तेवढ्यात काशीरामने पुन्हा भिंग लावलं. माझ्या अंगाच्या कडेचं कवच फाटलेलं आणि आत नवा जांभळा रंग डोकावणारा त्याला दिसला.

"कमळे, शेगडी बाहेर ने! ही मरत नाय, कात टाकतेय! मी काय केलं हे!"

त्याने फळ्या काढल्या. कापूस कोमट पाण्यात भिजवला. मग घड्याळाचा चिमटा घेऊन तो चार तास माझ्यावर वाकून बसला. एकेका पायावरची कात भिजवायची, वाट बघायची, केसभर ओढायची, पुन्हा भिजवायची. गिऱ्हाईकं आली तशी परत गेली. सात पाय सुटले. आठवा मुळाशी तुटला. तेव्हा काशीराम रडला. कमळा दारात उभी राहून पदराने डोळे पुसत म्हणाली, "धुरानं झोंबतंय." धूर कधीच गेला होता.

मी वाचले, पण माझं रूप गेलं. जिथे कात निघाली तिथे जांभळं, जिथे चिकटून राहिली तिथे मातकट, पोट सुरकुतलेलं, पाय सात. दुसऱ्या दिवशी एकजण डोकावून हसला. "काशीराम, तुझ्या रानीचं लुगडं फाटलं काय रे?" दुकानात सगळे हसले. काशीरामने माझ्या पेटीवर पंचा टाकला.

मला वाटलं, याला माझी लाज वाटते. आता कळतं, त्याला स्वतःची लाज वाटत होती. पण तेव्हा मी पंच्याखाली अंधारात बसून राग धरला. ज्याने धूर घातला त्याचा, जे हसले त्यांचा, सगळ्यांचा. चार तास वाकून बसलेला माणूस मी सोयीस्कर विसरले.

कात टाकल्यावर आमचे दात पांढरे आणि मऊ असतात. दहा-बारा दिवसांनी ते काळे, टणक होतात. ते टणक होईपर्यंत काशीराम रोज सकाळी ओल्या कापसाने मला पाणी पाजत होता. बाराव्या दिवशी त्याने पंचा काढून उजव्या हाताचं बोट आत घातलं, आणि मी त्याला चावले.

बोटाला उदबत्तीचा वास होता. धूर पुन्हा आला असं वाटून मी चावले, असं मी पुष्कळ दिवस स्वतःची समजूत घालत होते. मित्रांनो, ते खोटं आहे. काशीरामची पावलं मी बाजारच्या गर्दीतून ओळखते. मी त्याला ओळखलं होतं आणि ओळखूनच चावले.

तो ओरडला नाही. त्याने ओठ घट्ट दाबले. आतून कमळाने विचारलं, "काय झालं वो?"

"काय नाय. चिमटा लागला."

मग त्याने डाव्या हाताने कापूस उचलला आणि मला पाणी पाजलं.

त्याचं बोट वांग्यासारखं सुजलं. सूज आठ दिवसांत उतरली, पण बोट मधूनच आखडायचं, आणि ते महिना-दीड महिना चाललं. अशातच मालनचं घड्याळ टेबलावर आलं. मालन इस्पितळात नर्स. तिचे वडील मुंबईला गोदीत होते. त्यांनी तिला हे घड्याळ दिलं आणि वर्षभरात ते वारले. रोग्याची नाडी ती त्याच घड्याळावर मोजायची.

काशीरामने घड्याळ उघडलं. कमान चिमट्यात धरली. आणि बोट आखडलं. चिमटा लाकडावर पडल्याचा दणका माझ्या सातही पायांना बसला. कमान पिळवटून गेली होती. तसली कमान रत्नागिरीत नव्हती, आणि मुंबईलाही मिळाली नाही.

मालनने बंद घड्याळ ओंजळीत घेतलं. मग म्हणाली, "काशीदादा, तुमचा हात चुकला असं दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याला खोट्यात काढलं असतं."

एकच वाक्य बोलायचं होतं त्याला. 'मला ही डसली.' मालनने त्याच क्षणी माफ केलं असतं, सगळ्या बाजारानेही केलं असतं. पण मागच्या दारात कमळा उभी होती, पायात पायताण घालून.

"म्हातारा झालो, बाय," काशीराम म्हणाला. "नजर गेली माझी."

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं लोकांचं असतं. आठवड्याभरात बाजारभर झालं की काशीरामचा हात गेला. लोक समोरच्या नव्या दुकानात सेलची घड्याळं घ्यायला लागले. त्याच्याकडे उरलं ते पट्टे बदलायचं आणि गजराची घड्याळं पुसायचं काम. बोट पुढे बरं झालं. पण बरं झालं हे बघायला कोणी बारीक काम घेऊन आलंच नाही.

आता एकोणनव्वद साल चालू आहे. त्यानंतर मी तीनदा कात टाकली. मी उताणी पडले की काशीराम वाटीत पाणी ठेवतो, पंचा टाकतो, "आज दुकान बंद" अशी पाटी लावतो आणि कोणी टेबलाला धक्का लावू नये म्हणून स्वतः बाहेर बसून राहतो. पहिल्या खेपेला तुटलेल्या जागी काडीसारखा फिका पाय फुटला. तिसऱ्या खेपेला तो बाकीच्यांएवढा झाला. रंगही पूर्वीसारखा पिकल्या जांभळाचा आला. माझं सगळं मला परत मिळालं. काशीरामचं नाव परत आलं नाही.

गेल्या महिन्यात मालन तिच्या नव्या घड्याळाचा सेल बदलायला आली. काशीराम पैसे परत देत असताना तिने त्याचा हात धरला आणि बोट उजेडात फिरवलं. नर्सच ती. दोन बारीक पांढरे ठिपके तिला दिसले. तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"दादा, ही डसली होती ना तुम्हाला? तेव्हाच?"

कमळा मुठीत झुरळ घेऊन तिथेच उभी होती. ती जागच्या जागी थांबली.

"नाय बाय," काशीराम म्हणाला. "चिमटा लागला होता."

मित्रांनो, माझ्याने राहवलं नाही. 'मी केलं, मी केलं' हे सांगायला मी काचेपाशी धावले आणि पुढचे दोन्ही पाय उंच उभारले. मालन दचकून मागे सरली. "बाई गं! कशी अंगावर येते बघा!"

"भितेय ती," काशीराम म्हणाला. "तिला कशाला छळता?" आणि त्याने हलकेच माझ्यावर पंचा ओढला.

पंच्याखालून मला मालनची पावलं लांब जाताना कळली. कमळाची पावलं मात्र पेटीकडे वळली. मग झाकण एवढंसं उघडलं आणि झुरळ आत पडलं. ती काही बडबडली नाही. पायताण तिच्या पायातच राहिलं.

मुलांनो, एखादा जीव उताणा पडलेला दिसला, खाईना, रंग उतरलेला दिसला, तर त्याला धूर घालू नका, काडीने ढोसू नका. वाटीभर पाणी ठेवा आणि लांब बसा. एवढं तुम्ही कराल, याची मला खात्री आहे. पण माझी खरी विनवणी दुसरीच आहे. मला देवाने तोंड दिलं ते फक्त चावायला. तुम्हाला ते बोलायलाही दिलं आहे. तुमची चूक कोणी निमूटपणे स्वतःच्या अंगावर घेत असेल, तर त्याला ती घेऊ देऊ नका. आजच जा आणि सांगा, की ते मी केलं.