हजेरीतलं काकांचं नाव

"काका, रेडिओवर तुमची कुणी मैत्रीण आहे का?"

प्रश्न माझा नव्हता. पैज लावली होती चष्मा आणि उंटीण या माझ्या दोन जिवलग मैत्रिणींनी. त्यांचं म्हणणं असं, की ज्या माणसाने लग्न केलं नाही आणि जो रोज सकाळी गच्चीवरच्या खोलीत बसून कुणाशी तरी बोलतो आणि खो खो हसतो, त्याच्या बाबतीत कुठे तरी पाणी मुरतंय. "विचारून दाखव, नाहीतर तू भित्री भागूबाई!" भागूबाई मी होतेच. तोपर्यंत वर्गात हजेरीला 'हजर' म्हणताना माझा आवाज घशातच बसकण मारायचा आणि समोर हजर असूनही माझी गैरहजेरी लागायची.

दोघी जिन्यात एकमेकींच्या तोंडावर हात ठेवून बसल्या होत्या. काका एका तारेला डाख देत होते. धुराची रेघ नाकाशी गेली म्हणून त्यांनी मान तिरकी केली, तार खाली ठेवली आणि जिन्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "आहे की! उद्या शाळेआधी या तिघी. ओळख करून देतो. जिन्यातल्यांनीसुद्धा यायचं."

जिन्यात धडपडल्याचा आवाज झाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही केस विंचरून, रिबिनी बांधून खोलीत हजर. काकांनी यंत्र सुरू केलं. आधी नुसतीच खरखर, जणू कुणी तरी लांब कुठे तरी वाळूवर चालतंय. मग एका बाईंचा करकरीत आवाज आला आणि त्या एकेक नाव पुकारू लागल्या. काकांचं नाव पुकारलं गेल्यावर काकांनी माइकचं बटण दाबून 'हजर' म्हटलं. त्यावर आवाज आला, "आवाज घोगरा येतोय तुमचा. काल गुळण्या करायला सांगितल्या होत्या. केल्या का?"

"केल्या बाई," काका धडधडीत खोटं बोलले.

"खोटं. उद्या करून या."

"ही मैत्रीण?" उंटिणीचा चेहरा पडला. "ही तर शाळेतलीच बाई!"

खरंच त्या निवृत्त शिक्षिका होत्या. काकांनी त्यांना आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. ते लिफ्टची दुरुस्ती करायचे. दिवसभर उंच इमारतींच्या पोटात लोंबकळायचं, बोटांना ग्रीस, कपड्यांना ग्रीस, कानाच्या पाळीलासुद्धा ग्रीस. घरी आले की तोंडाचा पट्टा सुरू. आई म्हणायची, "भावजी, आधी घास गिळा. गोष्ट पळून जात नाही." काका म्हणायचे, "गोष्ट नाही जात, पण ऐकणारे पळतात ना!" आणि ते खरंच होतं. बाबा जेवून सगळ्यात आधी उठायचे. मागे उरायचे मी.

पण हाच माणूस रेडिओसमोर बसला की बदलायचा. आपल्या घरातला साधा रेडिओ नुसता ऐकायचा असतो. काकांच्या रेडिओवरून बोलताही यायचं. त्यासाठी त्यांनी सरकारी परीक्षा देऊन परवाना काढला होता. परवान्याबरोबर मिळालं होतं अक्षरं आणि आकडे मिळून झालेलं एक नाव, जगात दुसऱ्या कुणाचंच नसलेलं. तिथे सगळे एकमेकांना त्याच नावाने हाक मारत, म्हणून मी त्याला हाकेचं नाव म्हणायचे. गंमत म्हणजे बटण दाबून बोलत असताना समोरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. एका वेळी एकानेच बोलायचं, संपलं की 'ओव्हर' म्हणायचं आणि बटण सोडून द्यायचं. काका मोजकं बोलायचे, बटण सोडायचे आणि मग डोळे मिटून ऐकत बसायचे. घरात ज्याला कुणी थांबवू शकत नव्हतं, त्याला तिथे थांबताना पाहून मला भारी मौज वाटायची.

त्या सकाळनंतर मी रोजच वर जायला लागले. हजेरीतली सगळी माणसं ओळखीची झाली. बाई. जन्मभर जहाजावर संदेश पाठवणारे जहाजवाले आजोबा. पहिली भट्टी काढून पिठाच्या हातांनीच माइक धरणारे बेकरीवाले. आणि गुरांचे डॉक्टर, ज्यांच्या मागून अधूनमधून एखादी म्हैस आपलं मत नोंदवायची. एकदा काकांनी माझ्याही हातात माइक दिला. परवाना असलेला माणूस शेजारी बसलेला असेल तर चालतं म्हणे. मी कसंबसं "नमस्कार" म्हटलं. बाई म्हणाल्या, "पुतणी, आवाज स्वच्छ आहे. पण घाबरून आत ओढतेस. सोड बाहेर."

सोडला! तो जो सोडला तो आजतागायत आत गेलेला नाही. वर्गात मी 'हजर' अशी ओरडले की गणिताच्या सरांच्या हातातला खडू पडला. आता मी वादविवाद स्पर्धेत उभी राहते आणि चष्मा म्हणते, "कुठून ती पैज लावली गं बाई!"

मग काका आजारी पडले. दवाखान्यात नेलं तेव्हा नर्सताईंना लिफ्टच्या गोष्टी सांगत होते. नंतर गोष्टी कमी झाल्या, मग श्वासच कमी पडायला लागला. आणि एके दिवशी दुपारी काका वारले.

घरी माणसं आली, बसली, गेली. बाबांनी सगळ्यांना फोन केले. काकांच्या कामावर, नातेवाइकांना, लांबच्या मावशीलासुद्धा. बाबा रडले नाहीत. ते कामाला लागले. कपाट आवरलं, चपला कुणाला तरी दिल्या, आणि एका संध्याकाळी म्हणाले, "रविवारी जुन्या सामानवाला येतोय. वरची यंत्रं घेऊन जाईल. गच्चीवरचा एरियलचा खांबही काढू. खोली तुला अभ्यासाला."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. स्वतःची खोली! दार लावता येणारी! दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडू घेऊन वर गेले. काकांचं जाकीट अजून खुर्चीच्या पाठीवर होतं. झाडायला सुरुवात करण्याआधी मी सवयीने यंत्राची कळ फिरवली.

बाई नावं पुकारत होत्या. बेकरीवाले हजर. डॉक्टर हजर. मग काकांचं हाकेचं नाव आलं.

बाई थांबल्या. खरखर. पुन्हा तेच नाव. पुन्हा खरखर.

"आज पण नाहीत," बाई म्हणाल्या. "उद्या बघू."

"कुणाची तरी लिफ्ट अडकली असेल, बाई," बेकरीवाले म्हणाले आणि सगळे हसले.

माझ्या हातातला झाडू तसाच. यांना कुणी सांगितलंच नव्हतं! मी दोन-दोन पायऱ्या उडी मारत खाली आले. "बाबा, रेडिओवरच्यांना कळवलंच नाही आपण! ते रोज हाक मारतायत!"

"नंबर दे, आत्ता फोन करतो."

"नंबर नाहीयेत. काका त्यांच्याशी फोनवर कधी बोललेच नाहीत."

"बरं, नावं सांग."

"बाई. जहाजवाले आजोबा. बेकरीवाले."

बाबांनी पेपर खाली ठेवला. "ही काय नावं झाली?" मग म्हणाले, "दादाच्या ओळखीचं कुणी असेल, शोधू. पण तू त्या माइकला हात लावू नकोस. परवाना लागतो. तो दादाकडे होता."

"आणि रविवारी यंत्र गेल्यावर?"

"शोधू म्हटलं ना."

आई आतून म्हणाली, "अगं, चार दिवस हाका मारतील आणि थांबतील आपोआप."

तेच तर मला नको होतं. काका कंटाळून यायचे बंद झाले असं त्यांना वाटलं असतं. किंवा रुसले. माझे काका, ज्यांनी आयुष्यात कुणाची हाक टाळली नाही. अडकलेल्या लिफ्टच्या दाराला तोंड लावून आतल्यांशी बोलत राहायचे ते. पाय मोडेपर्यंत दमून घरी यायचे आणि म्हणायचे, "लिफ्ट काय, होते सुरू. आतल्या माणसाला बाहेर कुणी तरी आहे हे कळायला हवं."

शनिवार उजाडला. मी वर गेले, काकांच्या खुर्चीत बसले. काकांचं नाव पुकारलं गेलं आणि मी बटण दाबलं. सुरुवात कशी करायची ते काकांचंच ऐकून पाठ होतं. आधी हाकेचं नाव सांगायचं. मी काकांचं नाव सांगितलं, "पुतणी बोलतेय" म्हटलं, 'ओव्हर' म्हटलं आणि बटण सोडलं.

आणि काय सांगू! सगळे एकदम बोलायला लागले, आवाजावर आवाज. "आले, आले!" "अहो, होतात कुठे इतके दिवस?" जहाजवाले आजोबा तर खोकेपर्यंत हसले. बाई म्हणाल्या, "एकेक जण बोला!" पण त्यांचाच आवाज हलत होता. "पुतणी, काकांना म्हणावं, स्वतः बोला. पुतणीला पुढे करून शेजारी लपून बसू नका. मी रागावणार नाही. ओव्हर."

मी बोलतेय म्हणजे काका शेजारी बसलेले असणारच. तिथल्या माणसांना दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं.

मी शेजारी पाहिलं. तिथे खरोखर कुणीच नव्हतं.

बटण दाबलं. "काका शेजारी नाहीत," मी म्हटलं. "काका वारले." मग मला थांबताच येईना. दवाखाना, श्वास, दुपार, त्यांना कुणी कळवलं नाही ते, यंत्र उद्या जाणार ते, काय काय सांगत सुटले आणि सांगता सांगता भोकाड पसरलं. अंगठा बटणावर तसाच रुतलेला. माझं रडणं सगळीकडे जात होतं आणि मला उत्तर देणं कुणालाच शक्य नव्हतं.

माझ्या हातावर एक हात आला. बाबा. कधी वर आले होते कळलंच नाही. आता ओरडणार, असं वाटलं. त्यांनी माझा अंगठा हळूच उचलला.

खरखर.

मग बाई बोलल्या. "पुतणी, तुझा आवाज स्पष्ट पोचला. शब्द न् शब्द पोचला."

"माझ्याकडे पोचला," जहाजवाले आजोबा म्हणाले.

"पोचला," बेकरीवाले.

डॉक्टरांनीही तेवढंच सांगितलं. तिथली रीत अशी, की आधी आवाज कसा पोचला ते सांगायचं, मग बाकीचं. बाकीचं त्या दिवशी कुणालाच सुचलं नाही.

"आता नियमाचं," बाई म्हणाल्या. "कळवणं भाग होतं म्हणून आम्ही ऐकून घेतलं. परवान्याशिवाय पुन्हा बटण दाबायचं नाही. हो म्हणायलासुद्धा नाही. कळलं असेलच." मग त्यांनी काकांचं नाव पुन्हा एकदा पुकारलं. नेहमीच्याच आवाजात. आणि नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ थांबल्या. मग त्यांनी पुढचं नाव घेतलं.

बाबा काकांच्या खुर्चीच्या हातावर टेकले होते. काकांच्या जाकिटाची बाही त्यांनी मुठीत धरली होती. "रोज असंच असतं?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"मी कधी वर आलोच नाही गं," बाबा म्हणाले, आणि तेव्हा कुठे ते रडले.

आम्ही खाली आलो तेव्हा आई चहा घेऊन उभी होती. आमच्या दोघांचे चेहरे बघून तिने कप पुढे केले. मी कप घेतला नाही. मी सरळ उभी राहिले, वादविवादात राहते तशी.

"आई, बाबा, नीट ऐका आणि मध्ये बोलू नका," मी म्हटलं. "त्या सामानवाल्याला येऊ नका म्हणून सांगा. वरची खोली मला हवीय, पण यंत्रांसकट आणि खांबासकट. दहावी आहे हे मला माहितीये, आई, डोळे मोठे करू नकोस. दहावीचीही परीक्षा देणार आणि परवान्याचीही. पास होईपर्यंत नुसतं ऐकेन, बटणाला हात लावणार नाही. आणि काकांचं नाव मला नको. ते हजेरीत जिथे आहे तिथेच राहू दे. मी माझं वेगळं काढणार आहे."