सतरा नंबरच्या पाकिटातला म्हातारा

मी सतरा नंबरचं पाकीट बोलतोय. बोलतोय खरा, पण सांगणार आहे ते मला नीट आठवतं की नाही, याची खात्री नाही. माझ्या पोटातल्या सहा पट्ट्या इतक्या वेळा बाहेर निघाल्या, इतक्या हातांनी उलटसुलट झाल्या, की कोणतं बोलणं आधी झालं आणि कोणतं नंतर, यात माझाही घोळ होतो. कुठे चुकलो तर समजून घ्या.

जन्माने मी लग्नपत्रिकेचं पाकीट. लग्न कुणाचं ते विसरलो. गणपतीचा अर्धा कान अजून माझ्या आतल्या अंगाला आहे. रत्नागिरीत नाचणे भागात राहणाऱ्या विमलाबाईंनी मला उकललं, उलटं केलं आणि भाताच्या खळीने पुन्हा चिकटवलं. त्यांचे यजमान आत्माराम सर कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक, पीएच.डी. झालेले. निवृत्तीनंतर ते बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना घरच्या पडवीत शिकवू लागले. त्या परीक्षेत इंग्रजी वाक्यं विस्कटून दिलेली असतात, ती लावून सलग परिच्छेद करायचा असतो. सर म्हणत, नुसतं बघून हे जमत नाही, वाक्यं हातात घ्यायला हवीत. म्हणून पत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर ते एकेक वाक्य लिहीत, विमलाबाई पट्ट्या कापत, आणि एका परिच्छेदाचं एक पाकीट होई. अशी आम्ही चाळीस भावंडं.

माझा परिच्छेद सरांनी वाचनालयातल्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकातून उतरवला होता. समुद्रकाठचं गाव. उजाडताना होड्या परत येतात. बायका टोपल्या घेऊन पाण्यात उतरतात. मासळीचा लिलाव होतो. पुरुष जाळी धुऊन वाळत घालतात. गाव जेवून झोपतं. आणि एक म्हातारा वाळूत उभा राहून होड्या मोजतो.

पट्ट्या कापून झाल्या आणि पाठीवर आकडे घालायच्या आतच पंख्याच्या वाऱ्याने त्या खोलीभर झाल्या. पुस्तक तर आदल्या दिवशीच वाचनालयात परत गेलेलं.

"पुन्हा आणा की पुस्तक," विमलाबाई म्हणाल्या.

"एवढ्यासाठी? मला लावता येईल."

पाच पट्ट्या लागल्या. म्हाताऱ्याची पट्टी हातात घेऊन मात्र सर बराच वेळ बसले. दाराची कडी लावल्यावर ती तीनदा बघणारा हा माणूस. पेन्सिलीने दोन लिहिलं, खोडलं. सहा लिहिलं, तेही खोडलं. मग पुन्हा सहा लिहून पट्टी माझ्यात घातली आणि हात धुवायला गेले. पुस्तक पुन्हा आणायचं राहूनच गेलं.

तेजस्वी पूर्णगडहून एसटीने यायची. तिचे वडील विठू दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी. गुडघे गेलेले, तरी आठ-आठ दिवस पाण्यात. "मी बँकेत लागले ना काकू, की बाबांना होडीवरनं उतरवणार," हे ती विमलाबाईंना दर खेपेला सांगायची, बसचा पास दाखवावा तसं. गणितात ती पहिली असे. अडायची ती या पट्ट्यांपाशी. सोळा पाकिटं झाली, त्यांतली अकरा चुकली.

मग माझी पाळी आली. तिने पट्ट्या वाचल्या आणि पहिल्यांदाच तिचे हात भराभर चालले. म्हाताऱ्याला तिने दुसरं ठेवलं.

सरांनी पट्टी उलटी केली. "हा सहावा. शेवटी येतो."

"शेवटी कसा ओ सर? लिलाव झाला, लोकं जेवून झोपली, आणि मग हा मोजायला उभा राहणार? एखादी होडी आली नसली तर तेव्हा कळणार काय?"

लांज्याचा ओमकार, घरी काजूचा कारखाना असलेला, मागून म्हणाला, "सर, ते पुस्तक लिहिणाऱ्याला आधी पूर्णगडला पाठवा शिकायला."

"तुलाच पाठवू. काजूगर सोलून झाले की ये," तेजस्वी म्हणाली. मुलं हसली. ती सरांकडे वळली. "खरंच सर. सगळ्या होड्या दिसल्याशिवाय आमच्या बायका पाण्यात पाय घालत नाय. माझ्या आत्याचा नवरा एकदा नाय आला. ती अजून जाऊन मोजते."

सर चष्मा पुसू लागले.

"तू गाव वाचते आहेस, तेजस्वी. परिच्छेद वाच. पाच वाक्यांत सगळी धांदल आहे आणि शेवटी हा एकटा माणूस. लिहिणारा असाच शेवट करतो."

ज्या उत्तराची सरांना खात्री असे, ते हळू आवाजात सांगत. हे त्यांनी मोठ्याने सांगितलं.

"हे एक तरी मला येतं असं वाटलेलं," ती म्हणाली आणि पट्ट्या गोळा करून माझ्यात घातल्या. म्हाताऱ्याला सर्वांत खाली.

परीक्षा झाली. निकालानंतर ती पेढे नाही, कोकमं घेऊन आली. तीन गुणांनी राहिली होती.

"वाक्यांचे पाचही प्रश्न चुकले, काकू," ती स्वयंपाकघरात सांगत होती. मी जवळच्या फडताळावर होतो. "मला जे बरोबर वाटतं ते चूक असतं, हे मला कळलेलं. म्हणून मी वाटलं त्याच्या उलट लिहिलं."

"पुढच्या वर्षी बस पुन्हा."

"नाय हो. इंग्रजीत माझं डोकंच उलटं आहे."

तिने पुन्हा अर्ज भरला नाही. मिरजोळ्याच्या कारखान्यात कोळंबी सोलायच्या कामाला लागली, एवढं ओमकारने पुढे सांगितलं.

नऊ वर्षं गेली. सरांचा वर्ग बंद झाला. आम्ही खोक्यात पडून होतो. कसर माझा एक कोपरा खाऊन गेली. मग वाचनालयाने जुनी पुस्तकं काढून टाकली. सरांनी एक गठ्ठा घरी आणला आणि त्यात ते पुस्तक निघालं. त्यांनी पान उघडलं, मला शोधून काढलं, पट्ट्या टेबलावर मांडल्या. होड्या परत येतात. म्हातारा त्या मोजतो. मगच बायका पाण्यात उतरतात.

"तिला सांगायला हवं," विमलाबाई म्हणाल्या.

"ती विसरून गेली असेल गं."

"मग सांगायला भीती कसली?"

रविवारी सर एसटीने पूर्णगडला गेले. झोळीत मी आणि ते पुस्तक. तेजस्वी ओट्यावर मासे साफ करत होती. हात धुऊन, पुसून तिने मला घेतलं. सरांनी तोंड उघडायच्या आत पट्ट्या लावूनही झाल्या. तिने त्या वाचल्यासुद्धा नाहीत. म्हातारा सहावा.

"पाठ आहे मला, सर."

सरांनी पुस्तक पुढे केलं. तिने ओळींवर बोट ठेवून दोनदा वाचलं.

"म्हणजे तेव्हा मी बरोबर होते?"

"होतीस. आकडा मी अंदाजाने घातला होता. पुस्तक बघितलं नव्हतं."

ती रागावली नाही. रागावली असती तर सरांना बरं वाटलं असतं.

"बाबा कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"होडीवर." मग तिने पट्ट्या गोळा केल्या आणि जरा हसली. "मग आता भरू काय परत फॉर्म? गणित अजून येतं मला."

"भर. मी शिकवीन. उद्यापासून ये," सर म्हणाले. बऱ्याच वर्षांनी त्यांचा आवाज हळू होता.

आता मी सरांच्या टेबलावर असतो. म्हाताऱ्याच्या पाठीवर आता दोन आहे, शाईने लिहिलेलं. कुणी तुमच्यासमोर वाक्यं लावत असेल, तर पट्टी उलटी करून आकडा दाखवायची घाई करू नका. आधी विचारा, असं का लावलंस. माझं एवढंच मागणं आहे.

त्या रविवारी घरी आल्या आल्या, चपलाही न काढता, सरांनी बँकेच्या परीक्षेची नवी जाहिरात शोधली. वयाची अट तीनदा वाचली, सवलतीची वर्षं मिळवून पाहिली, वर्गाच्या जुन्या वहीतली तेजस्वीची जन्मतारीख ताडून पाहिली. तिची वयाची मुदत चार महिन्यांपूर्वीच संपली होती.