आप्पाजींच्या गॅरेजचं छत

माझ्या जिभेला हाड नाही, हे माहेरी पुण्यात सगळ्यांना माहीत होतं. लग्न होऊन बंगळूरला, मल्लेश्वरमच्या या घरात आले तेव्हा सासरच्यांना ते कळायला चार दिवस लागले. ही मंडळी इथली जुनी मराठी. पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर आले असं सांगतात. आले असतील. कोण घोड्यावर बसून आलं आणि कोण मागून भांडी घेऊन चालत आलं, ते कुणी सांगत नाही. इतक्या पिढ्या मराठी टिकवली याचा त्यांना अभिमान आहे आणि ती बोलताना निम्मं कन्नड असतं याचा पत्ता नाही.

घर असं की खाली गॅरेज, त्याला लागून शिंप्याचं दुकान, आणि वर आम्ही. गॅरेजमध्ये माझ्या सासऱ्यांची, आप्पाजींची, जुनी फियाट होती. ती शेवटची कधी रस्त्यावर गेली ते मला माहीत नाही, मी तरी पाहिलं नाही. पण रोज दुपारी तीन वाजले की आप्पाजी "बॅटरी बघून येतो" म्हणायचे, एकेक पायरी मोजत खाली उतरायचे आणि तासभर स्टिअरिंगसमोर बसून परत यायचे. बॅटरी गाडीत नव्हतीच. ती काढून माझ्या नवऱ्याने, गिरीराजने, केव्हाच इन्व्हर्टरला लावली होती. आम्ही सगळे यावर हसायचो, अर्थात ते खाली गेले की.

दिवाळीनंतर आप्पाजींच्या दोन्ही गुडघ्यांनी राम म्हटला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा नाहीतर जिना बंद करा. ऑपरेशनला आप्पाजी नाही म्हणाले. मग एका दुपारी ते खाली गाडीत असताना आम्ही हॉलमध्ये बैठक भरवली. आम्ही म्हणजे मी, गिरीराज आणि सकवारआत्या. आत्या ही आप्पाजींची थोरली बहीण. दोन गल्ल्या सोडून राहते, पण रोज अकरा वाजता आमच्या दिवाणावर बसायला येते आणि सूर्य कलल्यावर उठते. तळमजल्यावर आपली जागा फक्त गॅरेजचीच आहे, असं गिरीराज म्हणाला. तिथे खोली करता येईल, पण गाडीचं काय? आप्पा गाडी विकू देणार नाहीत, आत्या म्हणाली. आणि मी, माझ्या त्या बिनहाडाच्या जिभेने, म्हणाले, "सोपं आहे. गाडी काढायची आणि तिच्या जागी आप्पाजींना पार्क करायचं."

सगळे हसले. आत्याला तर ठसका लागला. मीही हसले, आणि हसता हसताच मला आतून कसंतरी झालं. पण वाक्य निघून गेलं होतं.

आश्चर्य म्हणजे त्याच संध्याकाळी, आम्ही विषय काढायच्या आधीच, आप्पाजी जेवताना म्हणाले, "गाडी विकून टाका." महिनाभर ज्याची धास्ती होती ते दोन मिनिटांत उरकलं. आनेकलचा एक हौशी माणूस येऊन फियाट टोचन करून घेऊन गेला. आप्पाजी वरच्या गॅलरीतून बघत होते. हात वगैरे हलवला नाही. किती समजूतदार, असं आम्ही चार ठिकाणी फोन करून सांगितलं.

मग काम सुरू झालं. शटरच्या आत काचेचं दार आलं, कोपऱ्यात बाथरूम झालं, फरशी बसली, भिंतींना पिस्त्याचा फिकट रंग लागला. राहिलं ते छत. अडतीस वर्षांचा धूर, तेलाचे डाग आणि कोळिष्टकं. ते घासून, खरवडून कोरं झालं आणि तिथेच आमचं घोडं अडलं.

कारण त्या छताचं मी मनावर घेतलं होतं. माणूस झोपून राहायला लागला की त्याच्या वाट्याला भिंती कमी आणि छतच जास्त येतं. ते 'पार्क' घरात कुणी विसरलं नव्हतं, मी तर नाहीच. मला एवढंच हवं होतं, की आप्पाजींनी खाली जाऊन पाठ टेकावी, वर बघावं आणि त्यांना गॅरेज दिसू नये.

रंगारी मुनिराजू. तीस वर्षं मल्लेश्वरमची घरं रंगवणारा माणूस, अत्यंत कमी बोलणारा. तो म्हणाला, "छताला व्हाइटच, मॅडम."

"पण का?"

"व्हाइटच."

एवढ्यावर त्याचा युक्तिवाद संपला. मी शेडकार्ड घेऊन आले. एक नाही, तीन कंपन्यांची. गिरीराजला राखी हवा होता. महादेवपुऱ्यात त्याच्या ऑफिसात छत राखी आहे आणि त्यातून पाइप लोंबतात, त्याला तेच भारी वाटतं. मी म्हटलं, वडिलांना तू खोली देतोयस की डेस्क? आत्याला लिंबाच्या सालीसारखा पिवळा हवा होता, कारण तिच्या देवघराला तो आहे. मला आकाशी हवा होता. आकाशी म्हटल्यावर आत्या म्हणाली, "ते मुलांच्या नर्सरीत लावतात." मी म्हटलं, "आणि पिवळा इडलीच्या हॉटेलात." त्या दिवशी आत्या कॉफी न घेता गेली, म्हणजे पाऊण कपच घेऊन गेली.

मुनिराजूने शटरजवळ, उजेड चांगला पडतो म्हणून, छतावर चार चौकोन रंगवले. पांढरा, राखी, पिवळा, आकाशी. आम्ही खाली उभं राहून, माना वर करून, मान दुखेपर्यंत ते बघितले. फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. एकोणीस मतं आली. माझ्या आईने पुण्याहून कळवलं की अबोली लावा, जो त्या चारांत नव्हताच. एकाने नुसतंच 'गुड मॉर्निंग' पाठवलं.

आप्पाजींना शेवटी विचारलं. शेवटी म्हणजे अगदी शेवटी, गॅसवाल्याच्याही नंतर. त्यांनी चारही फोटो बघितले आणि म्हणाले, "सरी." म्हणजे कन्नडात, ठीक आहे.

"कुठला सरी, आप्पाजी?"

"सगळे सरी."

मला त्यांच्या या चांगुलपणाचा राग यायला लागला होता. माणसाने भांडावं ना थोडं. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी मुनिराजूने निरोप दिला, जेवून येतो, आल्यावर रंग सांगा, नाहीतर मी पांढरा लावून जातो. दुपारी मी आणि गिरीराज, दोघं घरूनच काम करत होतो. मीटिंग रद्द झाली म्हणून खाली गेले. आप्पाजींची लोखंडी खाट आदल्या दिवशीच आणून मागच्या भिंतीला लावून ठेवली होती, गादीशिवाय. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की एवढ्या माणसांनी उभं राहून रंग बघितला, झोपून कुणीच नाही. मी ओढणी सावरली आणि त्या पट्ट्यांवर आडवी झाले.

तिथून ते चार चौकोन दिसतच नव्हते. मध्ये तुळई होती. डोक्यावर फक्त कोरी, करडी स्लॅब होती आणि तुळईच्या आड, उभ्याने कुणाला दिसलं नसतं असं, मुठीएवढं भोक. ते बघत असतानाच कुणीतरी माझ्या कानात बोलावं तसा आत्याचा आवाज आला.

"एका छतासाठी केवढा तमाशा चाललाय रे हिचा?"

मी ताडकन उठून बसले. गॅरेजमध्ये कुणी नव्हतं.

"पुण्याची आहे ना," आत्या पुढे म्हणाली, "आधी बोलते, मग रंग लावते. त्या दिवशी पार्क करू म्हणाली, आता आकाशी पाहिजे."

"हूं," गिरीराज म्हणाला. माझा नवरा. 'हूं'.

मग कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. बशीसुद्धा ऐकू आली. तेव्हा मला आठवलं, मागे कुणी सांगितलं होतं, की हॉलमध्ये पूर्वी हात धुवायचं बेसिन होतं. मी यायच्या आधीच ते काढलं, पाइप ओढून काढला, भोकावर दिवाण सरकवला आणि विषय संपला. त्याच दिवाणावर आत्या रोज बसते. आणि दुसरी गोष्ट आठवली. फियाटचं तोंड कायम आत, या मागच्या भिंतीकडे असायचं. मी बसले होते ती जागा ड्रायव्हरच्या सीटची होती.

बॅटरी बघायला जातात म्हणून ज्यांना आम्ही हसत होतो, ते इथे बसून ते हसणं ऐकत होते.

वर गेले तेव्हा आप्पाजी त्यांच्या खोलीत अवरेकायचे, म्हणजे पावट्याचे, भिजवलेले दाणे सोलत होते. चिमटीत दाबायचं, दाणा वाटीत, साल ताटात. मी दार लावून घेतलं आणि विचारलं, "आप्पाजी, गाडीत बसलं की हॉलमधलं ऐकू येतं?"

"येतं की. मिक्सर चालू असला तर नाही येत."

"किती वर्षं?"

"बेसिन काढल्यापासून, वीसेक वर्षं. गिरीनं तुझं नाव आईला सांगितलं तेव्हा मी खालीच होतो. श्यामलेनं, तुझ्या सासूनं, विचारलं, मुलगी स्वभावानं कशी आहे? तो म्हणाला, स्वल्प जास्त बोलते. मी गाडीत एकटाच हसलो."

मला हसूही येईना. "मग ते... त्या दिवशीचं माझं..."

"ऐकलं."

"म्हणून गाडी विका म्हणालात?"

"दोघं कसे मावणार तिथं?" आप्पाजी म्हणाले आणि आणखी एक दाणा सोलला.

मी त्यांच्या पायाशी बसले आणि रडले. नीट, नाक पुसत, आवाज करत रडले. चुकलं म्हणाले, फार वाईट बोलले म्हणाले. आप्पाजींनी मला मध्येच थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाले, "तू बोलतेस ते ऐकायला बरं वाटतं मला. त्या दिवशीचं नाही वाटलं. झालं."

"मग रोज कशाला जात होतात ऐकायला?"

त्यांनी हात थांबवला. "श्यामला गेल्यावर मी हॉलमध्ये बसलो की सगळे गप्प व्हायचे. आप्पा बसलेत, हळू बोला. टीव्ही बारीक करा. खाली गाडीत बसलं की घर चालू असायचं. भांडणं, फोन, सकवारअक्काचं खोकणं, सगळं. काय करणार मग?"

मी डोळे पुसले आणि काहीतरी करायचं म्हणून म्हणाले, "मुनिराजू येईल आता. त्याला सांगून ते भोक पुट्टीनं बुजवते. तुम्हाला परत असलं काही ऐकायला नको."

तेव्हा आप्पाजी चिडले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. ताट बाजूला सरकवून म्हणाले, "त्या भोकाला कुणी हात लावायचा नाही. गाडी गेली, जिना गेला, तेवढं राहू दे."

"राहू दे," मी घाईघाईने म्हणाले. "कुणी हात लावणार नाही. कुणाला सांगणारही नाही."

ते जरा शांत झाले. मग म्हणाले, "आणि रंग राखी लाव."

"राखी? गिरीराजचा? ऑफिससारखं दिसेल, आप्पाजी. आकाशी बघा ना."

त्यांनी कोपऱ्यातली काठी घेतली आणि उलटी करून तिचं टोक माझ्यापुढे धरलं. टोकाला काळ्या रबराचं बूच होतं, झिजून गुळगुळीत झालेलं.

"खाटेवर बसून ही छताला पोचते," ते म्हणाले. "मी परवा मुनिराजूकडून माप घेतलंय. पांढऱ्यावर याचे डाग पडतील, आकाशीवर जास्तच दिसतील."

"पण काठी छताला लावायचीच कशाला?"

"तुमचं मला ऐकू येणार," आप्पाजी म्हणाले. "माझं तुम्हाला कसं कळणार?"

मुनिराजूने राखी लावला. पांढरा का नाही, असं त्याने एकदाही विचारलं नाही, फक्त माझ्याकडे फार दुःखाने बघितलं. गिरीराजला आपला विजय झाला असं वाटलं आणि मी वाटू दिलं. त्या 'हूं'चा हिशेब वेगळा होता, तो नंतर झाला. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी चौघांनी खुर्चीत बसवून आप्पाजींना खाली नेलं. त्यांनी खाटेवर पाठ टेकली, वर बघितलं, काठी हाताशी ठेवली आणि आम्हाला जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अकराला आत्या आली आणि दिवाणावर बसली. खोली छान झाली, म्हणाली, पण छत अगदीच मेलेलं दिसतं. मग पदराने वारा घेत गिरीराजला म्हणाली, "हिच्या हातात दिलं की असंच व्हायचं. पुण्याच्या मुलींना नुसतं बोलायला येतं रे, करायला—"

ठक. ठक. ठक.

आत्याने दोन्ही पाय वर घेतले. "अय्यो! खाली काय झालं?"

"काही नाही, आत्या," मी म्हणाले. "आप्पाजींना पटलेलं नाही."

गिरीराज माझ्याकडे बघायला लागला, मग दिवाणाकडे. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. गेल्या वीसेक वर्षांतलं काय काय त्याला आठवत होतं ते देव जाणे. मी दिवाणापाशी वाकले आणि मोठ्याने विचारलं, "आप्पाजी, कॉफी आणू का?"

खालून एक ठोका आला. एका ठोक्याचा अर्थ हो, असं आमचं काही ठरलं नव्हतं. मी उठले आणि कॉफीला दूध ठेवलं.